बी.एड. करायचे आहे? प्रवेशापासून नेमणुकीपर्यंतच्या अटी

पदवीचा निकाल हाती आला की अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक घरांत एक सल्ला हमखास दिला जातो : 'निदान बी.एड. तरी करून ठेव.' सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो. परंतु तो देणाऱ्या पिढीने पाहिलेले बी.एड. एका वर्षाचे होते. २०१५-१६ या शैक्षणिक वर्षापासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. प्रवेशासाठी राज्यस्तरीय परीक्षा, वर्गातील हजेरीची ठरावीक टक्केवारी, शाळेतील वीस आठवड्यांचा सेवाकाळ आणि पदवीनंतरच्या आणखी दोन परीक्षा असा हा प्रवास आहे. यातील एक अट जरी नजरेआड झाली, तरी दोन वर्षे आणि कुटुंबाची पुंजी वाया जाण्याचा धोका असतो. म्हणूनच प्रवेश, पूर्तता आणि नेमणूक या तिन्ही टप्प्यांच्या अटी येथे एकत्र दिल्या आहेत.

नगर आणि शिक्षकांचे प्रशिक्षण

वर्गात उभे राहण्याआधी शिकवण्याचे शिक्षण घ्यावे, हा विचार या जिल्ह्याला नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य नगरमध्ये १८३१ साली सुरू झाले. सिंथिया फॅरार यांनी १८३९ पासून येथे मुलींच्या शिक्षणाचे काम केले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण नगर येथे फॅरारबाईंकडे घेतल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. आज जिल्ह्यातील बी.एड. महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्या पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचेच नाव देण्यात आले. जिल्ह्याचे नावही २०२४ मध्ये अहमदनगरऐवजी अहिल्यानगर असे झाले. जुन्या गुणपत्रिका व दाखल्यांवर मात्र आधीचे नाव आढळेल.

आधी शेवट पाहावा : कोणत्या वर्गांना शिकवता येते?

बी.एड.चा विचार करणाऱ्याने सर्वप्रथम स्वतःला विचारावे, की आपल्याला कोणत्या इयत्तांना शिकवायचे आहे. त्या उत्तरावर पुढील सर्व निर्णय अवलंबून आहेत.

पहिली ते पाचवी : या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता धरली जात नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने (एनसीटीई) जून २०१८ च्या अधिसूचनेद्वारे बी.एड.धारकांना या वर्गांची दारे उघडली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी 'देवेश शर्मा' प्रकरणात ती अमान्य ठरवली. त्या तारखेपूर्वी रीतसर झालेल्या नेमणुकांना एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने संरक्षण दिले. नव्या उमेदवारांना ते नाही. ज्याला प्राथमिक शाळेतच शिकवायचे आहे, त्याने बारावीनंतरच्या डी.एल.एड. या पदविकेचा विचार करावा. या क्षेत्रातील जिल्हास्तरीय शासकीय संस्था, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, संगमनेर येथे आहे.

सहावी ते आठवी : पदवी, बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) दुसरा पेपर.

नववी व दहावी : संबंधित विषयातील पदवी आणि बी.एड.

अकरावी व बारावी : संबंधित विषयात किमान ५० टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

येथे वाणिज्य शाखेच्या पदवीधरांनी विशेष सावध राहावे. त्यांना बी.एड.ला प्रवेश मिळतो. परंतु माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात वाणिज्य हा विषय नसतो. त्यांची खरी संधी कनिष्ठ महाविद्यालयात आहे आणि तिथे एम.कॉम. लागते. पदव्युत्तर पदवी आधी करावी की बी.एड. आधी, याचा निर्णय प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वीच व्हायला हवा.

प्रवेशासाठी पात्रता

एनसीटीईच्या २०१४ च्या विनियमांनुसार विज्ञान, सामाजिक शास्त्रे किंवा मानव्यविद्या शाखांतील पदवी अथवा पदव्युत्तर पदवीस किमान ५० टक्के गुण हवेत. विज्ञान व गणितातील विशेषीकरणासह अभियांत्रिकी पदवी असल्यास ही मर्यादा ५५ टक्के आहे. समकक्ष पात्रताही ग्राह्य धरली जाते. महाराष्ट्रातील मागासवर्गीय व दिव्यांग उमेदवारांसाठी किमान गुण ४५ टक्के आहेत. ही सवलत राज्यातील उमेदवारांपुरतीच असते.

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रवेश परीक्षेस बसू शकतात. मात्र प्रवेशाच्या वेळी उत्तीर्णतेचा निकाल हाती असावा लागतो. श्रेणी पद्धतीने निकाल लागलेल्यांनी श्रेणीचे टक्क्यांत रूपांतर दर्शवणारे विद्यापीठाचे प्रमाणपत्र वेळेत घेऊन ठेवावे.

पदवीचे विषय आणि बी.एड.मधील अध्यापन पद्धतीचे विषय यांचा मेळ बसणे आवश्यक आहे. इतिहासाच्या पदवीधराने केवळ जागा उपलब्ध आहे म्हणून अन्य विषयाची अध्यापन पद्धती घेतली, तर नेमणुकीच्या वेळी अडचण येऊ शकते. शाळेतील रिक्त पद विषयानुसार असते, ही बाब ध्यानात ठेवावी.

प्रवेश परीक्षा

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे (सीईटी सेल) दरवर्षी बी.एड.ची सीईटी संगणकावर घेतली जाते. प्रश्न १००, गुण १०० आणि वेळ ९० मिनिटे. बौद्धिक क्षमतेवर ४०, सामान्य ज्ञानावर ३० आणि शिक्षक अभियोग्यतेवर ३० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न सोडण्याचे कारण नाही. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात प्रवेश हवा असेल, तर ५० गुणांची इंग्रजी भाषेची वेगळी चाचणी (ईएलसीटी) द्यावी लागते. अर्ज भरतानाच तिचा पर्याय निवडायचा असतो. अनेक उमेदवार तो सोडून देतात आणि नंतर हळहळतात.

विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे शिक्षक घडवणाऱ्या विशेष बी.एड.साठीही हीच सीईटी आहे. तो अभ्यासक्रम मात्र भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतो आणि त्याच्या अटी स्वतंत्र आहेत.

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया आणि कागदपत्रे

सीईटी देणे म्हणजे प्रवेशासाठी अर्ज करणे नव्हे. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजेच कॅपमध्ये, स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्यानंतर कागदपत्रांची छाननी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम गुणवत्ता यादी, महाविद्यालयांचा पसंतीक्रम, जागावाटप आणि महाविद्यालयात प्रत्यक्ष हजर होणे असा क्रम असतो. उरलेल्या जागा अखेरीस संस्था पातळीवर भरल्या जातात. खासगी विनाअनुदानित संस्थांतील प्रवेश व शुल्क यांचे नियमन २०१५ च्या राज्य कायद्यानुसार होते.

कागदपत्रांत दहावी, बारावी व पदवीच्या सर्व गुणपत्रिका, शाळा वा महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र ही मूलभूत आहेत. राखीव प्रवर्गासाठी जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जाती व जमाती वगळता अन्य मागास प्रवर्गांना चालू मुदतीचे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रही आवश्यक असते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीचा दाखला स्वतंत्र आहे. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो. अनुसूचित जमातींच्या दाखल्यांची पडताळणी वेगळ्या समितीकडे होते, याची नोंद अकोले परिसरातील उमेदवारांनी घ्यावी. सीईटीचा अर्ज भरला त्याच आठवड्यात दाखल्यांच्या मागे लागणे शहाणपणाचे ठरते.

शुल्क आणि सवलती

खासगी महाविद्यालयाचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. प्रत्येक महाविद्यालयाचा आकडा वेगळा असतो आणि तो जाहीर केलेला असतो. त्याहून अधिक रक्कम मागितल्यास पावती मागावी आणि प्राधिकरणाकडे तक्रार करावी.

शिष्यवृत्ती व शुल्क प्रतिपूर्तीसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी अर्ज करावा लागतो. राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी प्रवर्गातील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. हा लाभ कॅपमधून झालेल्या प्रवेशांना आहे. व्यवस्थापन कोट्यातील वा संस्था पातळीवरील प्रवेशांना नाही. आपल्या पसंतीचे महाविद्यालय व अभ्यासक्रम योजनेच्या यादीत आहे, याची खात्री पसंतीक्रम भरण्यापूर्वीच करून घ्यावी. घराजवळच्या महाविद्यालयात संस्था पातळीवर प्रवेश घेण्यासाठी कॅपमधील जागा सोडणे काही कुटुंबांना फार महागात पडू शकते.

महाविद्यालय कसे पारखावे?

तीन गोष्टी पाहाव्यात : एनसीटीईची मान्यता, विद्यापीठाची संलग्नता आणि मंजूर प्रवेशक्षमता. एका तुकडीत ५० विद्यार्थी असतात. मान्यतेच्या आदेशाची प्रत महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असावी लागते. ती उघडून वाचावी.

ही केवळ औपचारिकता नाही. कार्यमूल्यांकन अहवाल सादर न करणाऱ्या अनेक संस्थांवर एनसीटीईने २०२५ मध्ये मान्यता काढून घेण्याची कारवाई केली. एनसीटीई कायद्याच्या कलम १७ नुसार, मान्यता काढल्यानंतर त्या संस्थेतून मिळवलेली पात्रता शासकीय वा अनुदानित शाळेतील नोकरीसाठी ग्राह्य धरली जात नाही. संस्थेच्या चुकीची किंमत अशा वेळी विद्यार्थ्याला मोजावी लागते. म्हणून मान्यतेची सद्यस्थिती एनसीटीईच्या यादीत प्रवेशाच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासावी.

अंतराचाही विचार हवा. क्षेत्रफळाने राज्यातील हा सर्वांत मोठा जिल्हा आहे, तालुके १४. सह्याद्रीच्या कुशीतील अकोले आणि मराठवाड्याच्या सीमेवरचे जामखेड ही जिल्ह्याची दोन टोके आहेत. पाथर्डी वा कर्जतच्या वाडीवस्तीवरून रोज एसटीने नगर शहर गाठणे पहिल्या महिन्यात जमते, सुगीच्या दिवसांत अवघड होते. हजेरीची अट पुढे दिली आहे. ती वाचल्यावर वसतिगृहाचा खर्च हा वायफळ खर्च वाटणार नाही.

पदवी पूर्ण करण्याच्या अटी

प्रवेश मिळाला की काम झाले, हा समज सर्वांत घातक आहे. बी.एड. ही बाहेरून परीक्षा देऊन मिळवण्याची पदवी नाही. २०१४ च्या विनियमांतील मुख्य अटी पुढीलप्रमाणे :

कालावधी दोन वर्षे. प्रवेशापासून कमाल तीन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण व्हायला हवा.

प्रवेश व परीक्षेचे दिवस वगळून वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि आठवड्याला किमान ३६ तास.

सर्व विषय व प्रात्यक्षिकांसाठी किमान ८० टक्के हजेरी, तर शालेय आंतरवासितेसाठी किमान ९० टक्के.

आंतरवासिता, ज्याला आपल्याकडे छात्रसेवाकाल म्हणतात, एकूण किमान २० आठवडे. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६.

या टक्केवारीचा हिशेब मांडून पाहावा. २०० दिवसांचे ८० टक्के म्हणजे १६० दिवस. वर्षभरात ४० दिवसांची मुभा वरकरणी भरपूर वाटते. पण आजारपण, लग्नसराई आणि शेतीची कामे धरली तर ती लवकर संपते. आंतरवासितेच्या २० आठवड्यांत तर जेमतेम दोन आठवड्यांची गैरहजेरी चालते.

अभ्यासक्रमाचे तीन भाग असतात. पहिल्या भागात बालविकास, शिक्षण आणि समाज, अध्ययन-अध्यापन असे सैद्धांतिक विषय येतात. दुसऱ्या भागात अभ्यासक्रम व शालेय विषयांच्या अध्यापन पद्धती असतात. तिसरा भाग प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचा. सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, पाठ निरीक्षण, घटक चाचणी तयार करणे, कृतिसंशोधन, वाचन व चिंतन, नाट्य व कला, संगणक तंत्रज्ञान यांची प्रात्यक्षिके ठरावीक संख्येने पूर्ण करून त्यांच्या नोंदवह्या सादर कराव्या लागतात. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळूनही पाठ अपुरे असतील, तर निकाल अडकतो.

'कॉलेजला न येता बी.एड.' अशी खात्री कुठे मिळत असेल, तर वरील अटी पुन्हा वाचाव्यात. अशा पदवीमागे खोटी हजेरी असते आणि ती उघडकीस आल्यास पदवीही धोक्यात येते. त्याहून मोठा तोटा वेगळाच आहे. ज्याने सोळा आठवडे आठवी-नववीच्या वर्गासमोर घालवले नाहीत, त्याला पहिल्या नेमणुकीच्या दिवशी साठ मुलांचा वर्ग सांभाळताना त्याची उणीव कळते, आणि त्याची झळ त्या मुलांना बसते. अकोले तालुक्यात राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळा आहेत. तिथे मुलांच्या घरची बोली आणि पाठ्यपुस्तकाची भाषा यांतील अंतर रोज कापावे लागते. ते पुस्तक वाचून येत नाही; अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली वर्गात उभे राहूनच येते.

नोकरी करणाऱ्यांनी काय करावे?

खासगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर बी.एड.शिवाय शिकवणाऱ्यांची कोंडी खरी आहे. नियमित बी.एड. आणि पूर्णवेळ नोकरी एकत्र शक्य नाही. दूरशिक्षणाचा मार्ग मर्यादित आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या बी.एड.साठी एनसीटीईच्या निकषांनुसार उमेदवार प्राथमिक स्तरावरील प्रशिक्षित सेवांतर्गत शिक्षक असावा, किंवा त्याने नियमित पद्धतीने एनसीटीईमान्य अध्यापक शिक्षण पूर्ण केलेले असावे. केवळ पदवी व अनुभव यांवर हा प्रवेश होत नाही. त्यामुळे दोन वर्षांच्या वेतनाचा तोटा हा शुल्काइतकाच खर्चाच्या अंदाजपत्रकात धरायला हवा.

पदवीनंतर : टीईटी, टेट आणि 'पवित्र'

नावांतील साम्यामुळे या परीक्षांचा गोंधळ होतो. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, ही पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती २०१३ पासून घेते. प्रत्येक पेपर १५० गुणांचा. उत्तीर्णतेसाठी खुल्या प्रवर्गास ६० टक्के व राखीव प्रवर्गास ५५ टक्के गुण लागतात. प्रमाणपत्र आता आजीवन वैध आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानंतर, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही भरतीची स्पर्धा आहे. ती २०० गुणांची असून १२० प्रश्न अभियोग्यतेचे व ८० बुद्धिमत्तेचे असतात. वेळ दोन तास. ही परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. म्हणजे ती दरवर्षी होतेच असे नाही. संधी हुकली तर प्रतीक्षा लांबते. टेटच्या गुणांवर 'पवित्र' पोर्टलमधून जिल्हा परिषद, नगरपालिका व खासगी अनुदानित शाळांतील पदे भरली जातात.

निवड झालेला उमेदवार सुरुवातीची तीन वर्षे शिक्षण सेवक असतो. २०२३ मध्ये वाढवलेल्या दरानुसार मासिक मानधन प्राथमिकसाठी १६ हजार, माध्यमिकसाठी १८ हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी २० हजार रुपये आहे. नियमित वेतनश्रेणी त्यानंतर. घरचा हिशेब करताना हा काळही धरावा. संस्थेत 'जागा देतो' असे सांगून पैसे मागणाऱ्याला हा क्रम ऐकवावा आणि कोणत्या जाहिरातीतील कोणते पद, असा प्रश्न विचारावा.

पुढील शिक्षण आणि बदलते नियम

बी.एड. महाविद्यालयात अध्यापन करायचे असल्यास एम.एड. हा मार्ग आहे. त्यासाठी बी.एड. वा तत्सम पदवीस ५० टक्के गुण हवेत. कालावधी दोन वर्षे, कमाल तीन. सैद्धांतिक विषयांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्यास ९० टक्के हजेरी, शिवाय प्रबंधिका. प्रवेशासाठी स्वतंत्र सीईटी असते.

बारावीनंतर थेट शिक्षक होण्याचे ठरवलेल्यांसाठी २०२३-२४ पासून चार वर्षांचा एकात्मिक कार्यक्रम (आयटीईपी) निवडक संस्थांत सुरू झाला असून त्याची प्रवेश परीक्षा राष्ट्रीय पातळीवर होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाच्या बी.एड.चा विचार मांडला आहे. एनसीटीईने २०२५ च्या आरंभी त्यासंबंधीच्या विनियमांचा मसुदाही प्रसिद्ध केला. मसुदा म्हणजे नियम नव्हे. 'एक वर्षाचे बी.एड.' अशी जाहिरात दिसल्यास राजपत्रातील अंतिम अधिसूचना आणि त्या संस्थेला त्याच अभ्यासक्रमासाठी मिळालेली मान्यता, ही दोन्ही पाहिल्यावाचून पैसे भरू नयेत.

अर्ज भरण्यापूर्वी

पुढील सहा प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. कोणत्या इयत्तांना शिकवायचे? पदवीचा विषय त्या वर्गांच्या वेळापत्रकात आहे का? जात वैधता व अन्य दाखले हाती आहेत का? महाविद्यालयाची मान्यता आज कायम आहे का? कॅपमधून प्रवेश घेतल्यास शुल्क किती वाचते? वर्षाचे १६० दिवस वर्गात आणि छात्रसेवाकालाचे १८ आठवडे शाळेत हजर राहणे शक्य आहे का?

सहाही उत्तरे समाधानकारक असतील, तर बी.एड. आजही प्रतिष्ठेच्या व्यवसायाचे प्रवेशद्वार आहे. एखादे उत्तर अडत असेल, तर एक वर्ष थांबून ती अडचण दूर करणे, हे दोन वर्षे घालवून कागद मिळवण्यापेक्षा कितीतरी हिताचे ठरेल. प्रत्येक वर्षाच्या तारखा, शुल्क व नियमांतील बदल सीईटी सेल, एनसीटीई आणि विद्यापीठ यांच्या अधिकृत माहितीपत्रकातच पाहावेत.